लायपोप्रोटीन लायपेज, पुनःसंयोजित मानवी

लायपोप्रोटीन लायपेज हे रक्तातील ट्रायग्लिसराइडांचे (ग्लिसरॉलाच्या एका रेणूशी वसाम्लांचे तीन रेणू जोडले जाऊन बनलेल्या वसांचे) जलीय विच्छेदन (पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने होणारे विघटन) घडवून आणणारे एंझाइम (जीवरासायनिक विक्रियांना गती देणारे प्रथिन) आहे. मानवातील या एंझाइमाचा जीन (आनुवंशिक एकक) वेगळा काढून तो दुसऱ्या कोशिकांत घातला व त्या कोशिकांकडून एंझाइम तयार करून घेतले, म्हणजे त्यास पुनःसंयोजित मानवी लायपोप्रोटीन लायपेज म्हणतात. रोग्यास थेट टोचण्याचे औषध म्हणून ते वापरात नाही. लिपिडांच्या चयापचयाच्या (शरीरात सतत होणाऱ्या रासायनिक घडामोडींच्या) संशोधनात मात्र त्यास मोठे महत्त्व प्राप्त झाले आहे. हे एंझाइम शरीराबाहेर तयार करणे अतिशय कठीण ठरले आणि ते कठीण का, याचा शोध घेताना शरीरातील वसावाहतुकीविषयीची काही मूलभूत माहिती हाती आली. या दृष्टीने त्याचा इतिहास इतर अनेक पुनःसंयोजित प्रथिनांच्या इतिहासाहून निराळा आहे.

कार्य : वसा पाण्यात विरघळत नाहीत. त्यामुळे त्या रक्तातून प्रथिनांच्या वेष्टनात, सूक्ष्म गोलकांच्या रूपाने वाहून नेल्या जातात. या गोलकांना लायपोप्रोटिने म्हणतात. आहारातील तेल-तूप आतड्यात पचून शोषले गेल्यावर त्यापासून कायलोमायक्रॉन नावाचे मोठे गोलक बनतात व लसीकावाहिन्यांवाटे ते रक्तात येतात. यकृतात तयार होणारी ट्रायग्लिसराइडे अतिनीच घनतेच्या लायपोप्रोटिनांतून बाहेर पडतात. हे गोलक केशवाहिन्यांच्या भित्तीतून सहजी बाहेर जाऊ शकत नाहीत. हृदय, कंकाल स्नायू व वसा ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) यांच्या केशवाहिन्यांच्या आतील पृष्ठावर लायपोप्रोटीन लायपेज बसलेले असते. गोलक तेथे क्षणभर अडकतात, ट्रायग्लिसराइडापासून वसाम्लाचे दोन रेणू व मोनोग्लिसराइडाचा एक रेणू सुटा होतो आणि ही वसाम्ले लगतच्या कोशिकांत शिरतात. स्नायूंत ती इंधन म्हणून जळतात, तर वसा ऊतकात त्यांचा पुन्हा साठा होतो.

एंझाइम एकच असले, तरी निरनिराळ्या ऊतकांत त्याचे नियमन निरनिराळ्या प्रकारे होते. जेवणानंतर वसा ऊतकातील क्रियाशीलता वाढते; उपवासात ती घटते व हृदय आणि स्नायू यांतील वाढते. एकादशीच्या उपवासात शरीरातील वसा कोठे जावी, हे ठरविण्यात या अदलाबदलीचा मोठा वाटा असतो (अर्थात उपवासाला साबुदाण्याची खिचडी व शेंगदाणे खाणाऱ्यास हे विधान लागू करता येणार नाही).

इतिहास : स्निग्ध जेवणानंतर काही तासांनी रक्तद्रव (रक्तातील कोशिका वगळून उरणारा द्रव भाग) दुधासारखा गढूळ दिसतो. १९४३ मध्ये पॉल हान यांना असे आढळून आले की, अशा अवस्थेतील कुत्र्याला हेपारीन (रक्त गोठू न देणारे संयुग) टोचले असता गढूळपणा लवकरच नाहीसा होतो. तेच हेपारीन परीक्षानळीतील गढूळ रक्तद्रवात मिसळले, तर मात्र काहीच घडत नाही. याचा अर्थ गढूळपणा दूर करणारा घटक हेपारिनात नसून तो शरीरात कोठेतरी चिकटून असला पाहिजे व हेपारिनामुळे तो सुटून रक्तात येत असला पाहिजे. १९५५ मध्ये एडवर्ड कॉर्न यांनी हृदयाच्या ऊतकातून हा घटक मिळविला व तो लायपोप्रोटिनांवर क्रिया करणारा लायपेज असल्याचे दाखवून दिले. या क्रियेसाठी रक्तद्रवातील आणखी एका घटकाची गरज असते, हेही लक्षात आले. तो घटक म्हणजे ॲपोप्रोटीन सी-२ हे केवळ ७९ ॲमिनो अम्लांचे प्रथिन होय, असे १९७० मध्ये निश्चित झाले.

दरम्यान जर्मनीतील बुर्गर व ग्रुट्स यांनी १९३२ मध्ये एका मुलात वर्णन केलेल्या, रक्तद्रव सतत दुधाळ असणाऱ्या आनुवंशिक विकाराचे कारणही स्पष्ट झाले. रिचर्ड हॅवेल व रॉबर्ट गॉर्डन यांनी १९६० मध्ये अशा विकाराच्या एका कुटुंबाचा अभ्यास केला. हेपारीन दिल्यानंतरही त्या रोग्यांच्या रक्तात लायपेजाची क्रियाशीलता जवळजवळ दिसत नव्हती.

यानंतरच्या संशोधनात गायीच्या दुधाचे स्थान मोठे आहे. दुधात हे एंझाइम विपुल असते. १९७२ मध्ये स्वीडनमधील एगेलरूड व ऑलिव्हेक्रोना यांनी साय काढलेल्या दुधातून हेपारीनयुक्त स्तंभाच्या साहाय्याने ते शुद्ध रूपात मिळविले. (दुधातील वसागोलकांवर पातळ पटल असल्यामुळे एरवी हे एंझाइम वसेपर्यंत पोहोचत नाही, कच्चे दूध जोराने घुसळले गेले, तर पटल फाटते व दुधास खवट वास येऊ लागतो.) पुढे अनेक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांनी लायपोप्रोटीन लायपेजाविषयी जे निष्कर्ष काढले, त्यांपैकी पुष्कळसे गायीच्या एंझाइमावरील प्रयोगांतून काढलेले होते. दोन्ही एंझाइमांत साम्य फार आहे. परंतु मानवी रोग्यात आढळणाऱ्या एखाद्या विशिष्ट उत्परिवर्तनाचा (जीनात आकस्मिक झालेल्या बदलाचा) परिणाम गायीच्या दुधावरून समजणे शक्य नव्हते. त्यासाठी मानवी जीनच हाती यावा लागला.

जीन व रेणवीय संरचना : १९८७ मध्ये कॅरन व्हिऑन, टॉड किर्कगेस्नर, ॲल्डन्स लुसिस, मायकेल शॉट्झ, रिचर्ड लॉन व त्यांचे सहकारी यांनी मानवी लायपोप्रोटीन लायपेजाच्या पूरक डीएनएचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला. हा जीन ८ व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असतो व त्यात १० एक्सॉन (प्रथिनाच्या संदेशात टिकून राहणारे खंड) आहेत. त्यापासून प्रथम ४७५ ॲमिनो अम्लांची साखळी तयार होते. आरंभीची २७ ॲमिनो अम्ले ही कोशिकेबाहेर पाठविण्याची खूण असते. ती तुटून पडल्यावर ४४८ ॲमिनो अम्लांचे पक्व एंझाइम उरते. यामुळे संशोधन साहित्यात क्रमांकनाच्या दोन पद्धती पडल्या आहेत. जुन्या लेखांत १८८ व्या स्थानी असलेले ग्लायसीन नव्या लेखांत २१५ व्या स्थानी दिसते. ते एकच आहे, हे ध्यानात न घेतल्यास वाचकाचा घोटाळा होतो. प्रस्तुत नोंदीत पक्व एंझाइमाचे क्रमांक वापरले आहेत.

रेणूचे दोन भाग पडतात. मोठ्या भागात १३२ व्या स्थानचे सेरीन, १५६ व्या स्थानचे ॲस्पार्टिक अम्ल व २४१ व्या स्थानचे हिस्टिडीन मिळून क्रियाशील केंद्र बनते व त्यावर एक हलते झाकण असते. लहान भागात ट्रिप्टोफेनयुक्त असा एक फास असून त्याच्या योगे एंझाइम लायपोप्रोटिनाच्या पृष्ठाला धरते. याखेरीज रेणूत पाच डायसल्फाइड बंध (गंधकाच्या दोन अणूंमधील बंध) असतात आणि ४३ व ३५९ या स्थानांच्या ॲस्परजिनांना शर्करांच्या शाखा जोडलेल्या असतात. साखळी योग्य तऱ्हेने दुमडली गेली, तरच हे सर्व भाग एकमेकांच्या संदर्भात योग्य जागी येतात. पुढील सर्व अडचणींचे मूळ येथेच आहे.

निर्मितीतील अडचणी : पुनःसंयोजित मानवी इन्शुलीन १९८२ मध्येच औषध म्हणून मान्य झाले होते. ते एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूकडून तयार करून घेतले जाई. इन्शुलीन हे अवघ्या ५१ ॲमिनो अम्लांचे असून त्यास शर्करेची शाखा नसते. लायपोप्रोटीन लायपेजाचा जीन त्याच सूक्ष्मजंतूत घातला असता प्रथिन तयार होते खरे. पण ते बहुतांशी न दुमडलेल्या, अविद्राव्य गोळ्यांच्या रूपात साचते. सूक्ष्मजंतूत शर्करेच्या या शाखा जोडण्याची सोय नसते, तसेच डायसल्फाइड बंध जुळण्यास त्याच्या कोशिकेचा अंतर्भाग अनुकूल नसतो. म्हणून सस्तन प्राण्यांच्या कोशिकांचा आश्रय घ्यावा लागला. चिनी हॅम्स्टर या प्राण्याच्या अंडकोशातील कोशिका व मानवी भ्रूणाच्या वृक्कापासून (मूत्रपिंडापासून) वाढविलेल्या कोशिका यांचा या कामी विशेष उपयोग झाला. कीटकांच्या कोशिकाही वापरून पाहण्यात आल्या. त्यांत एंझाइम भरपूर तयार होते, परंतु त्यातील बराच भाग निष्क्रिय असतो. साखळी दुमडण्यास मदत करणाऱ्या कॅलरेटिक्युलीन या प्रथिनाचा जीन जोडीला घातल्यावर क्रियाशील भागाचे प्रमाण वाढल्याचे आढळून आले.

सस्तन प्राण्यांच्या कोशिकांतूनही उत्पादन अल्पच मिळे, आणि जे मिळे ते टिकत नसे. शरीराच्या तापमानाला (३७° से.) शुद्ध एंझाइमाची क्रियाशीलता अल्पावधीतच घसरते. म्हणून ते ग्लिसरॉलयुक्त विद्रावात, सु. –८०° से. तापमानास गोठवून ठेवतात. ते वरचेवर वितळवून पुन्हा गोठविणे टाळावे लागते. शरीरात मात्र हेच एंझाइम त्याच ३७° से. तापमानास केशवाहिनीत उत्तम काम करीत असते. हा विरोध बराच काळ केवळ एक तांत्रिक गैरसोय म्हणून पाहिला गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते तो या विषयातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा होता. नळीत जे टिकत नाही ते शरीरात टिकते, याचा अर्थ शरीरात त्याला कोणाची तरी सोबत असली पाहिजे.

सहायक प्रथिने : ही सोबत कोणाची, याचे उत्तर दोन टप्प्यांनी मिळाले व दोन्ही टप्पे २००७ या एकाच वर्षी पडले. १९८३ मध्ये उंदरांच्या एका वाणाचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. त्यातील रोगी पिल्लांत लायपोप्रोटीन लायपेज व यकृतातील लायपेज ही दोन्ही एंझाइमे निष्क्रिय असत व पिल्ले जन्मानंतर लवकरच मरत. दोन्ही एंझाइमांचे जीन मात्र शाबूत होते. २००७ मध्ये पेटरफी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या उंदरांतील दोष तिसऱ्याच एका जीनात असल्याचे दाखविले. त्या जीनापासून तयार होणारे एलएमएफ-१ (लायपेज परिपक्वन घटक-१) हे प्रथिन कोशिकेतील आंतर्द्रव्य जालिकेत (प्रथिने जेथे घडविली जातात त्या पटलांच्या जाळ्यात) राहून लायपेजाची साखळी योग्य प्रकारे दुमडण्यास मदत करते. या शोधाचा फायदा निर्मितीलाही झाला. एंझाइमाच्या जीनाबरोबर एलएमएफ-१ चाही जीन घातलेल्या मानवी वृक्क-कोशिका क्रियाशील एंझाइम अधिक प्रमाणात देतात.

दुसरा शोध बाइन्यू, स्टीफन यंग व त्यांचे सहकारी यांचा. जीपीआयएचबीपी-१ हे प्रथिन नसलेल्या उंदरांचे रक्तद्रव दुधाळ असते, असे त्यांनी दाखविले. हे प्रथिन केशवाहिनीच्या अंतःस्तराच्या (आतील अस्तराच्या) कोशिकांत असते. लायपोप्रोटीन लायपेज स्नायू व वसा यांच्या कोशिकांत म्हणजे वाहिनीच्या बाहेर तयार होते. त्याला अस्तरापलीकडे, रक्ताच्या बाजूस नेण्याचे व तेथे बांधून ठेवण्याचे काम हे प्रथिन करते. इतकेच नव्हे, तर त्याच्या सान्निध्यात एंझाइमाचा रेणू उलगडत नाही. केशवाहिनीतील एंझाइम का टिकते, याचा उलगडा यामुळे झाला.

याच जोडीमुळे एंझाइमाची त्रिमितीय संरचनाही हाती आली. एकट्या एंझाइमाचे चांगले स्फटिक मिळविणे हे त्याच्या अस्थिरतेमुळे जमले नव्हते. २०१९ मध्ये जीपीआयएचबीपी-१ शी संयोग पावलेल्या मानवी एंझाइमाचे स्फटिक मिळवून क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची संरचना निश्चित करण्यात आली. क्रियाशील एंझाइम हे दोन समान रेणूंचे, एकाचे शीर्ष दुसऱ्याच्या पुच्छाशी जुळून बनलेले द्विवारिक असते, असे १९८० नंतरच्या दशकापासून पाठ्यपुस्तकांत शिकविले जात होते. सुटा रेणूही क्रियाशील असतो, असा पुरावा २०१९ मध्येच पुढे आला. त्यामुळे या प्रश्नाचा नव्याने विचार करावा लागला.

एंझाइमास आवर घालणारी प्रथिनेही आहेत. त्यांपैकी एएनजीपीटीएल-४ हे उपवासात वसा ऊतकात वाढते व एंझाइमाचा रेणू उलगडून त्यास निष्क्रिय करते. एएनजीपीटीएल-३ व ८ ही त्याच कुळातील प्रथिने मुख्यतः जेवणानंतर हृदय व स्नायू यांतील एंझाइमास रोखतात. या प्रथिनांची क्रिया पाहण्यासाठी शुद्ध मानवी एंझाइम हे आवश्यक साधन आहे.

प्रयोगशाळेतील मापन : एंझाइमाची क्रियाशीलता मोजण्यासाठी ट्रायग्लिसराइडाचे पायस (एका द्रवाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात विखुरलेले मिश्रण) बाभळीच्या जातीच्या वृक्षांच्या डिंकासारख्या पदार्थाच्या साहाय्याने तयार करतात. त्यातील वसाम्ले किरणोत्सर्गी अथवा अनुस्फुरक (प्रकाश शोषून निराळ्या रंगाचा प्रकाश देणारी) असतात. सक्रियक म्हणून ॲपोप्रोटीन सी-२ किंवा ते असलेला रक्तरस घालतात व सुटणारी वसाम्ले टिपून घेण्यासाठी अल्ब्युमीन घालतात. ती तशीच साचली, तर विक्रिया मंदावते. पीएच मूल्य ८ ते ८·५ च्या आसपास ठेवतात. हेपारीन दिल्यानंतर काढलेल्या रक्तात यकृतातील लायपेजही असतो. दोहोंतील फरक ओळखण्याची जुनी व सोपी कसोटी मिठाची आहे : सोडियम क्लोराइडाच्या एक मोलर विद्रावात लायपोप्रोटीन लायपेज जवळजवळ थांबते, यकृतातील लायपेज चालू राहते.

पुनःसंयोजित एंझाइम वापरणाऱ्याने काही मर्यादा ओळखल्या पाहिजेत. कुपीतील प्रथिनाचे वजन व त्यातील क्रियाशील प्रथिनाचे वजन या दोन निराळ्या गोष्टी होत. उलगडलेला, निष्क्रिय रेणूही प्रथिनमापनात मोजला जातो. निरनिराळ्या प्रयोगशाळा क्रियाशीलतेचे एकक दर मिनिटाला वा दर तासाला सुटणाऱ्या वसाम्लांवरून ठरवितात, त्यामुळे आकड्यांची सरसकट तुलना करता येत नाही. याहून गंभीर मर्यादा अशी की, एखादे संयुग नळीतील एकट्या एंझाइमाला रोखते वा उत्तेजित करते, एवढ्यावरून ते शरीरातही तसेच करील असे म्हणता येत नाही. निरोधक प्रथिनांची क्रिया जीपीआयएचबीपी-१ च्या उपस्थितीत पुष्कळ बदलते. हे प्रथिन माहीत होण्यापूर्वीच्या प्रयोगांचे निष्कर्ष त्यामुळे नव्याने तपासावे लागत आहेत.

विकार व उपचार : या एंझाइमाच्या जीनाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास रक्तात कायलोमायक्रॉन साचून राहतात. हा विकार सु. दहा लाखांत एकास होतो. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या काही भागांत मात्र तो याहून पुष्कळ अधिक आढळतो. उपाशीपोटी रक्तातील ट्रायग्लिसराइडाचे प्रमाण १०० मिलि.मध्ये १५० मिग्रॅ.पेक्षा कमी असावे, असे मानतात. या रोग्यांत ते १,००० मिग्रॅ.च्या कितीतरी वर जाते. त्वचेवर पिवळसर पुटकुळ्या, पोटात वारंवार कळा व अग्निपिंडाचा तीव्र शोथ (दाहयुक्त सूज) ही लक्षणे होत. शोथ प्राणघातक ठरू शकतो. दिवसाकाठी १५–२० ग्रॅ.पेक्षा अधिक वसा न खाणे, हाच दीर्घकाळ एकमेव उपाय होता. लहान मुलाला आयुष्यभर असा आहार पाळावयास लावणे किती अवघड आहे, हे सांगावयास नको. ॲपोप्रोटीन सी-२, एलएमएफ-१ वा जीपीआयएचबीपी-१ यांच्या जीनांतील दोषांमुळेही हेच चित्र दिसते. जीपीआयएचबीपी-१ विरुद्ध शरीरानेच निर्माण केलेल्या प्रतिपिंडांमुळे प्रौढांतही असा विकार होतो, हे २०१७ मध्ये दाखविण्यात आले. रोग्याचे उत्परिवर्तन खरोखरच रोगकारक आहे की निरुपद्रवी, हे ठरविण्यासाठी तेच उत्परिवर्तन असलेले पुनःसंयोजित एंझाइम तयार करून त्याची क्रियाशीलता मोजतात.

काही व्यक्तींत एंझाइमाची शेवटची दोन ॲमिनो अम्ले गळलेली असतात व त्यांच्या रक्तातील ट्रायग्लिसराइडे उलट कमी असतात. एंझाइमाच्या या प्रकाराचा जीन विषाणूमार्फत मांडीच्या स्नायूंत टोचण्याचा उपचार यूरोपीय संघाने २०१२ मध्ये मान्य केला. पाश्चात्त्य देशांत मान्यता मिळालेला हा पहिला जीन-उपचार होय. त्याची किंमत एका रोग्यामागे सु. दहा लाख यूरो पडे आणि रोगी तर विरळा. मागणीअभावी २०१७ मध्ये परवान्याचे नूतनीकरण करण्यात आले नाही.

त्यानंतरच्या औषधांची दिशा निराळी आहे. ॲपोप्रोटीन सी-३ हे रक्तातील ट्रायग्लिसराइडांचा निचरा मंदावणारे प्रथिन आहे. ते तयार करण्याचा संदेश नष्ट करणाऱ्या व्होलानेसोर्सेनला यूरोपीय संघाने २०१९ मध्ये व ओलेझार्सेनला अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. लायपोप्रोटीन लायपेज जवळजवळ नसलेल्या रोग्यांतही व्होलानेसोर्सेनने ट्रायग्लिसराइडे घटतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले होते. रक्तातील वसांचा निचरा होण्याचा या एंझाइमावर अवलंबून नसलेला, बहुधा यकृतावाटे जाणारा मार्गही शरीरात आहे, असा त्याचा अर्थ होतो.